संधिवात आणि जंतुसंसर्ग : नव्याने निदान झालेल्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

रुमेटॉइड आर्थ्रायटिस या प्रकारच्या संधिवाताचे निदान झाले की रुग्णाचे आणि घरच्यांचे सगळे लक्ष सांध्यांकडे लागते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या आजारात रुग्णालय गाठावे लागण्याचे कारण पुष्कळदा सांधे नसून न्यूमोनिया, त्वचेचा किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, नाहीतर शरीरात दबून राहिलेला आणि पुन्हा डोके वर काढलेला क्षयरोग हे असते. रुग्णालयात दाखल व्हावे लागेल इतका गंभीर जंतुसंसर्ग होण्याची शक्यता, त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत, या रुग्णांमध्ये साधारण दीडपट ते दुप्पट असते. यातला बराच धोका आधी ओळखता येतो आणि कमीही करता येतो; मात्र त्यासाठी कामे योग्य क्रमाने व्हावी लागतात, कारण काही तपासण्या आणि काही लसी विशिष्ट औषध सुरू होण्यापूर्वीच उरकाव्या लागतात आणि ती वेळ निघून गेली की त्यांचा उपयोग घटतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. वयोमानाने होणारी सांध्यांची झीज हा वेगळा आजार असून त्या रुग्णांना यातले बहुतेक मुद्दे लागू होत नाहीत.

पहिला टप्पा : धोका कुठून येतो हे समजून घ्या

संधिवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील आवरणावर हल्ला करते. ही यंत्रणा अतिसक्रिय झाली म्हणजे बाहेरच्या जंतूंशीही ती जास्त जोमाने लढत असेल, असा समज सहज होतो, पण प्रत्यक्षात तसे घडत नाही. सततच्या दाहामुळे प्रतिकारपेशी अकाली थकतात आणि नव्या जंतूला ओळखण्याची त्यांची क्षमता कमी होते. याचा अर्थ असा की, एकही औषध न घेणाऱ्या रुग्णालासुद्धा जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि आजार जितका भडकलेला तितका हा धोका वाढतो.

ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी असा माझा आग्रह आहे. ‘या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते’ हे ऐकून अनेक जण उपचार पुढे ढकलतात किंवा अर्ध्यावर सोडतात. मग सांधे सुजतात, दुखणे असह्य होते आणि शेवटी वेदना थोपवण्यासाठी स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने या आजारातल्या औषधांपैकी जास्त मात्रेचे, दीर्घकाळ चालणारे स्टेरॉइड हेच सर्वांत जोखमीचे ठरते. म्हणजे धोका टाळण्यासाठी उचललेले पाऊल मोठ्या धोक्याकडे नेते. आजार योग्य औषधांनी आटोक्यात ठेवणे आणि स्टेरॉइडची गरज कमी करणे हा जंतुसंसर्ग टाळण्याचाच एक भाग आहे.

दुसरा टप्पा : स्वतःची यादी डॉक्टरांपुढे ठेवा

सर्व रुग्णांचा धोका सारखा नसतो. वय ६५ च्या पुढे असणे, मधुमेह, फुफ्फुसाचा जुना आजार, मूत्रपिंडाचा आजार, धूम्रपान, पूर्वी होऊन गेलेला गंभीर जंतुसंसर्ग आणि चालू असलेले स्टेरॉइड, यांपैकी जितक्या गोष्टी एका व्यक्तीत एकत्र येतात तितका धोका वाढत जातो. पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच हे सारे लिहून संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. त्यात घरात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाला क्षयरोग झाला होता का, स्वतःला पूर्वी कावीळ झाली होती का, नागीण उठली होती का, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का आणि आजवर कोणत्या लसी घेतल्या, याचाही उल्लेख असावा. मातीतून पायाच्या त्वचेवाटे शिरणारा स्ट्राँगिलॉइडीस नावाचा जंत काही उष्ण प्रदेशांत आढळतो. तो वर्षानुवर्षे आतड्यात गुपचूप राहतो आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर शरीरभर पसरून प्राणघातक ठरू शकतो; म्हणून अशा प्रदेशात राहणाऱ्यांनी किंवा राहिलेल्यांनी तेही सांगावे.

या यादीतल्या काही गोष्टी बदलता येत नाहीत, पण धूम्रपान सोडता येते आणि मधुमेह आटोक्यात आणता येतो. धूम्रपानाने संधिवात अधिक तीव्र होतो, औषधांचा गुण कमी येतो आणि फुफ्फुसांची स्वतःची संरक्षणव्यवस्थाही मोडते. एवढ्या तीन बाजूंनी नुकसान करणारी दुसरी सवय या आजारात नाही.

तिसरा टप्पा : आपल्या औषधाचा स्वभाव ओळखा

‘प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे’ असे एकच लेबल सगळ्यांना लावले जाते, पण त्यांच्यात मोठा फरक आहे आणि तो रुग्णाला माहीत असायला हवा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढत नाही, असे म्हणता येते. सल्फासलाझिनचेही जवळपास तसेच आहे; मात्र सुरुवातीच्या काही महिन्यांत क्वचित एखाद्याच्या पांढऱ्या पेशी अचानक फार खाली जातात, म्हणून या काळात ताप, घसा दुखणे किंवा तोंडात फोड आल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी करावी.

मेथोट्रेक्झेट हे बहुतेकांचे पहिले मुख्य औषध असते. ठरलेल्या मात्रेत त्याने होणारी धोक्याची वाढ अल्प असते. खरी भीती आहे ती चुकीने घेण्याची. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो, आणि अशा घटना जगभर घडलेल्या आहेत. आठवड्याचा वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि घरातल्या एका व्यक्तीला तो माहीत असावा. दुसरी खबरदारी अशी की, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी सर्रास दिली जाणारी कोट्रायमॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम ही औषधे मेथोट्रेक्झेटबरोबर घेतल्यास पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांकडे किंवा औषधविक्रेत्याकडे गेल्यावर ‘मी मेथोट्रेक्झेट घेतो’ किंवा ‘घेते’ हे पहिले वाक्य असावे. जुलाब, उलट्या किंवा पाणी कमी पिण्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावले की हे औषध शरीरात साचते, हेही लक्षात ठेवावे. सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी हिमोग्राम, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सांगितल्या जातात, त्या याच कारणासाठी. बरे वाटत असले तरी त्या चुकवू नयेत.

स्टेरॉइडच्या बाबतीत मात्रा आणि काळ दोन्ही मोजले जातात. प्रेडनिसोलोन दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर धोका स्पष्टपणे वाढतो, पण ५ मिलिग्रॅमसारखी लहान मात्राही वर्षानुवर्षे चालू राहिली तर निर्धोक नसते. म्हणून मुख्य औषधाचा परिणाम दिसेपर्यंतच स्टेरॉइड वापरून, शक्य तितक्या लवकर, सहसा तीन महिन्यांच्या आत, ते उतरवत न्यावे असा आजचा विचार आहे. ‘हे कधी कमी करायचे’ असा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. मात्र ते स्वतःहून एकदम थांबवू नये. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते, आणि अशा वेळी अचानक बंद केल्यास, विशेषतः तापात, रक्तदाब कोसळू शकतो.

इंजेक्शन किंवा सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या बायोलॉजिक औषधांपैकी टीएनएफ रोखणारा गट, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब, इटानरसेप्ट इत्यादी, सर्वांत जुना आहे. यांत गंभीर संसर्गाचा धोका पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो. क्षयरोगाशी या गटाचे नाते विशेष आहे. अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू प्रतिकारपेशींच्या वेढ्यात कोंडलेले असतात आणि हा वेढा टिकवण्यात टीएनएफ या द्रव्याचा मोठा वाटा असतो. ते द्रव्य अडवले की वेढा ढिला पडतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षयरोग झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांना तो पहिल्या तीन डोसांच्या आतच झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांत तो फुफ्फुसांबाहेर होता. त्यानंतर औषधापूर्वी क्षयाची चाचणी करण्याचा दंडक पडला. यातून रुग्णाने घ्यायचा बोध असा की, खोकला नसला तरी रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे किंवा गाठ येणे यांकडे दुर्लक्ष करू नये.

रिटुक्सिमॅब हे बायोलॉजिक प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करणाऱ्या पेशींच्या साखळीवर घाव घालते. त्याचा परिणाम अनेक महिने टिकतो, लसींचा उपयोग फार कमी होतो आणि हिपॅटायटिस बी उफाळण्याची भीती सर्वाधिक असते. टोफॅसिटिनिब, बॅरिसिटिनिब आणि उपॅडॅसिटिनिब या नव्या गोळ्यांमध्ये नागिणीचे प्रमाण ठळकपणे वाढते.

टोसिलिझुमॅब या बायोलॉजिक औषधाबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. हे औषध सीआरपी ही रक्तातला दाह मोजणारी तपासणी जवळजवळ शून्यावर आणते आणि तापही दाबते. परिणामी रुग्णाला मोठा न्यूमोनिया झालेला असतानाही सीआरपी सामान्य येऊ शकते, आणि हे औषध माहीत नसलेला डॉक्टर त्या अहवालावरून निश्चिंत होऊ शकतो. हे औषध चालू असणाऱ्याने त्याचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेली चिठ्ठी कायम जवळ बाळगावी.

चौथा टप्पा : औषध सुरू होण्यापूर्वीच्या तपासण्या

बायोलॉजिक औषध किंवा वर उल्लेखलेल्या नव्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे आणि त्वचेवरची मांटू चाचणी किंवा रक्तावरची इग्रा चाचणी करतात. त्वचेवर ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कठीण उंचवटा आला तर या रुग्णांमध्ये तो होकारार्थी धरला जातो. इतरांसाठी ही मर्यादा बहुधा अधिक असते. स्टेरॉइडमुळे चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते, म्हणून शक्य असेल तर ती आधीच करून घ्यावी. दबलेला क्षय आढळला म्हणून संधिवाताचा उपचार कायमचा बंद होत नाही: त्यावरचे प्रतिबंधक औषध सुरू करून साधारण एक महिना झाल्यावर बायोलॉजिक देता येते, आणि प्रतिबंधक औषध ठरल्या मुदतीपर्यंत पूर्ण करायचे असते. आयसोनियाझिड आणि मेथोट्रेक्झेट दोन्ही यकृतावर ताण देतात, त्यामुळे या काळात यकृताच्या तपासण्या अधिक वेळा होतात.

हिपॅटायटिस बी साठी केवळ विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनाची (अँटिजेनची) चाचणी पुरेशी नाही. विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या प्रतिपिंडाची चाचणीही करावी लागते, कारण पूर्वी होऊन गेलेला आणि बरा झाल्यासारखा वाटणारा संसर्गही रिटुक्सिमॅबनंतर उसळी घेऊ शकतो. अशा रुग्णांना विषाणूरोधक गोळ्या दिल्या जातात आणि रिटुक्सिमॅबचा शेवटचा डोस झाल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवल्या जातात. याशिवाय हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची चाचणी, तसेच रिटुक्सिमॅबपूर्वी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी पाहिली जाते.

पाचवा टप्पा : लसी, आणि त्यांची वेळ

लसींचा साधा नियम असा की, जिवंत जंतू नसलेली लस संधिवाताच्या कोणत्याही औषधावर असताना घेता येते; ती सुरक्षित असते, फक्त तिचा परिणाम काहीसा कमी होऊ शकतो. जिवंत, दुबळे केलेले जंतू असलेल्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, तोंडावाटे द्यायची पोलिओ लस आणि नाकात फवारायची फ्लूची लस, या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असताना सामान्यतः टाळतात.

फ्लूचे इंजेक्शन दरवर्षी घ्यावे. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्यांचा आजार आटोक्यात असेल, तर फ्लूची लस घेतल्यावर दोन आठवडे मेथोट्रेक्झेट थांबवल्याने लसीचा परिणाम अधिक चांगला होतो, असे दिसून आले आहे. पण हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, आणि त्या कारणाने लसच लांबणीवर टाकू नये. इतर निर्जीव लसींसाठी मेथोट्रेक्झेट थांबवण्याची गरज नसते. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस प्रत्येक रुग्णाने घ्यावी. तिचे कोणते रूप आणि किती डोस, हे आधी काय घेतले आहे त्यावर ठरते. नागिणीची नवी लस निर्जीव असून ती दोन डोसांत देतात. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना ती पन्नाशीची वाट न पाहता देता येते, आणि टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या ठरल्या असतील तर ती आधी पूर्ण करणे शहाणपणाचे आहे. कोविडची लस स्थानिक शिफारशींप्रमाणे घ्यावी.

रिटुक्सिमॅब ठरले असेल तर शक्य त्या सर्व लसी त्याच्या किमान दोन ते चार आठवडे आधी उरकाव्यात. औषध आधीच चालू असेल तर पुढचा डोस देय होण्याच्या सुमारास लस घेऊन, डोस किमान दोन आठवडे पुढे नेतात. फ्लूची लस मात्र मोसमात मिळेल तेव्हा घ्यावी.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात टीएनएफ रोखणारे औषध घेतलेल्या मातेने ही माहिती बाळाच्या डॉक्टरांना जन्माच्या वेळीच द्यावी. यांतली बरीच औषधे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, आणि अशा बाळाला बीसीजी ही जिवंत लस किमान सहा महिन्यांपर्यंत देत नाहीत. या मुद्द्याची आठवण कोणी करून देईलच असे नाही, म्हणून ती आईने स्वतः करून द्यावी.

सहावा टप्पा : रोजची काळजी

हात धुणे, आजारी माणसाजवळ गर्दीत न बसणे, मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खाणे आणि न तापवलेले दूध टाळणे, एवढे पुरते. सतत कोंडून घेण्याची किंवा माणसे टाळण्याची आवश्यकता नाही. त्याने हालचाल घटते आणि मनही खचते. दात आणि हिरड्या यांना मात्र विशेष जपावे, कारण हिरड्यांचा जुना दाह संधिवाताशी निगडित आहे आणि तिथून जंतू रक्तात शिरू शकतात. बोटे वाकडी झाल्याने दात घासणे जड जात असेल तर जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश वापरावा. पायांच्या भेगा, नखांचे कोपरे आणि सांध्यांवरच्या गाठींवर पडणारे व्रण रोज पाहावेत.

सातवा टप्पा : ताप आला किंवा काही वेगळे वाटले तर

घरात तापमापक असावा. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे; ‘दोन दिवस पाहू’ हा इतरांसाठी योग्य असलेला सल्ला या रुग्णांसाठी नाही. ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असेही समजू नये. स्टेरॉइड, टोसिलिझुमॅब आणि दुखण्यासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या ताप झाकून टाकतात. म्हणून थंडी वाजून येणे, नवा खोकला, लघवीला जळजळ, त्वचेवर पसरणारी लाली, किंवा कारण नसताना आलेला टोकाचा थकवा यांनाही तापाइतकेच महत्त्व द्यावे. धाप लागणे, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ, लघवी फार कमी होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही दिसले तर फोनवर वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जावे.

सांध्याबद्दलची एक चूक फार महागात पडते. एकच सांधा अचानक इतरांपेक्षा खूपच जास्त सुजला, लाल आणि गरम झाला, तर रुग्ण आणि कधीकधी डॉक्टरही तो संधिवाताचाच झटका समजतात. पण संधिवातात सांध्यात जंतू शिरण्याचे प्रमाण सामान्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि जंतूंनी भरलेला सांधा काही दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो. अशा वेळी सांध्यातले पाणी सुईने काढून तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि ते शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी व्हावे. कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर निकड आणखी वाढते.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखणारे फोड उठले तर ती नागीण असू शकते. तिच्यावरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर उत्तम. फ्लूचे औषध ४८ तासांच्या आत सर्वाधिक उपयोगी पडते. मेथोट्रेक्झेटवर असताना कोरडा खोकला, धाप आणि ताप एकत्र आले तर ते जंतूंमुळे असेल किंवा औषधामुळे फुफ्फुसाला आलेल्या सुजेमुळे. दोन्हींत पुढचा डोस न घेता त्वरित दाखवावे.

औषधांचे काय करायचे, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. सर्वसाधारण पद्धत अशी आहे की, ताप नसलेल्या साध्या सर्दीत काही थांबवावे लागत नाही. अँटिबायोटिक लागेल असा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत मेथोट्रेक्झेट, लेफ्लुनोमाइड (संधिवाताचेच आणखी एक औषध), बायोलॉजिक औषधे आणि टोफॅसिटिनिबसारख्या नव्या गोळ्या थांबवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. स्टेरॉइड थांबवायचे नसते, उलट आजारपणात काही दिवस त्याची मात्रा वाढवावी लागू शकते. लेफ्लुनोमाइड शरीरातून आपोआप जायला अनेक महिने लागतात, त्यामुळे गंभीर संसर्गात ते बाहेर काढण्यासाठी कोलेस्टिरामिन देतात.

आठवा टप्पा : शस्त्रक्रिया आणि औषधे पुन्हा सुरू करणे

गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मेथोट्रेक्झेट थांबवण्याची सहसा गरज नसते. बायोलॉजिक औषधाचा एक डोस टाळून, दोन डोसांमधला नेहमीचा कालावधी संपल्यानंतरच्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरवतात. उदाहरणार्थ, दर दोन आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन असेल तर तिसऱ्या आठवड्यात. टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या तीन दिवस आधी बंद करतात. जखम कोरडी, न सुजलेली आणि टाके काढण्याजोगी झाली की, साधारण १४ दिवसांनी, औषधे पुन्हा सुरू होतात. शल्यचिकित्सक आणि संधिवाततज्ज्ञ यांचे एकमेकांशी बोलणे झाले आहे, याची खात्री रुग्णाने शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच करून घ्यावी.

संसर्गानंतर थांबवलेली औषधे पुन्हा कधी सुरू करायची, हे विचारायचे राहून जाते आणि मग कित्येक आठवडे तसेच निघून जातात, सांधे भडकतात आणि पुन्हा स्टेरॉइडवर येण्याची वेळ येते. म्हणून औषध थांबवण्याचा सल्ला मिळेल त्याच वेळी, अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर कोणत्या तारखेला भेटायचे हे ठरवून घ्यावे, आणि त्या भेटीला ताप उतरल्याची तारीख, घेतलेल्या अँटिबायोटिकचे नाव आणि चुकलेल्या डोसांची नोंद सोबत न्यावी.